झाड विकण्याआधी घेर मोजा

आम्ही ठाकूरद्वारच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं गाव कोकणात, बांधावर साग, ऐन, फणस उभे. ठेकेदार येतो, झाडाकडे नुसतं बघतो आणि उक्ती रक्कम सांगतो. त्याच्याशी बोलायचं तर आपल्याकडेही आकडा हवा. तो शिंप्याच्या टेपने निघतो.

जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण छातीशी, खोडाचा घेर घ्या. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून. घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. घेर दुप्पट झाला की खोडाचा काप चौपट होतो. म्हणून चार फूट घेराच्या एका झाडाला दोन फूट घेराची दोन नाही, चार झाडं लागतात, तीही तेवढीच उंच असली तर.

आता घनफूट. ओंडका दहा फुटांचा, मधोमध घेर चार फूट. व्यापारी घेराची चौथाई काढतात: एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, झाले 10 घनफूट. गोल ओंडक्याचा खरा हिशेब मात्र घेर गुणिले घेर, भागिले 12.57, गुणिले लांबी. ते येतात सुमारे 12.7. ही लबाडी नव्हे, जुनी रीत आहे. चिरताना साल आणि कडा वाया जातात, त्याची ती सूट. पण चौथाईने मोजून वर पुन्हा ‘सालीचे’ म्हणून कापले, तर एकाच गोष्टीचे दोनदा कापले. भावाआधी विचारा, माप कोणतं? उभ्या झाडाचा हिशेब छातीच्या घेरावर केला तर तो फुगतो, कारण खोड वर निमुळतं होतं. तेवढं आपणही धरायचं.

वजन लाकडावर अवलंबून. वाळलेल्या सागाचा एक घनफूट साधारण 17-18 किलो, सावरीचा दहाच्या आसपास.

आमच्या ठाकूरद्वारच्या रस्त्याखालून मेट्रो 3 जाते. तिच्यासाठी दक्षिण मुंबईतली झाडं तोडण्याचा वाद 2017 मध्ये उच्च न्यायालयात होता. 2021 च्या दुरुस्तीनंतर शहरात झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असतात. पन्नास वर्षांचं झाड, पन्नास रोपं. पण 60 इंच घेराच्या खोडाचा काप 3 इंची रोपाच्या 400 पट! आम्हाला तरी हा सौदा पटत नाही.

गणपतीला गावी गेलात की गटाच्या वहीत झाड, घेर, तारीख लिहा. खोडावर चुन्याची रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी टेप त्याच जागी लागेल.