दोरी, कांदा आणि घोटभर पाणी : प्रथमोपचाराविषयीचे गैरसमज

अपघात किंवा आकस्मिक आजार घडल्या जागी, डॉक्टरांच्या हाती रुग्ण जाईपर्यंत, जवळ असलेल्या माणसाने दिलेला आधार म्हणजे प्रथमोपचार. श्वास चालू ठेवणे, रक्तस्राव थांबवणे, झालेली इजा वाढू न देणे आणि लवकर मदत बोलावणे एवढेच त्याचे क्षेत्र. सामान्य नागरिकांना हे शिकवण्याची संघटित पद्धत १८७७ मध्ये लंडनच्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संस्थेपासून रुजली. भारतात सेंट जॉनप्रमाणेच १९२० मध्ये स्थापन झालेल्या रेड क्रॉसनेही ते काम पुढे नेले. महाविद्यालयीन विद्यार्थी त्यात उतरतो तो बहुधा १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतून. या योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास समाजासाठी द्यावे लागतात आणि प्रथमोपचाराचे शिक्षण त्या तासांत सहज बसते.

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत या शिक्षणाला वेगळे वजन आहे. पेडण्याहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जायचे तर आधी शापोरा आणि मग मांडवी ओलांडावी लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गोव्यात २००८ पासून आहे, तालुक्यात आरोग्य केंद्रेही आहेत. तरीही काजूच्या बागेतून, खाणीच्या कडेवरून किंवा हरमलच्या वाळूतून रुग्ण रस्त्यापर्यंत आणण्यात मिनिटे जातातच. विर्नोड्याच्या किंवा साखळीच्या शासकीय महाविद्यालयात शिकणारी बरीच मुले याच गावांत राहतात आणि ती मिनिटे त्यांच्या वाट्याला येतात. घटनास्थळी पोचलेल्या विद्यार्थ्याला जखमेआधी गाठ पडते ती आपुलकीने पुढे आलेल्या हातांशी. कोणी दोरी बांधत असतो, कोणी कांदा शोधत असतो, कोणी पाण्याचा तांब्या घेऊन धावत असतो. त्यातला प्रत्येक जण रुग्णाच्या भल्यासाठीच झटतो आणि बहुतेक जण वयाने मोठे असतात. म्हणून इथले गैरसमज दूर करणे हे माहितीइतकेच नात्याचेही काम आहे. ‘मामा, तुमचे चुकते आहे’ असे म्हणणारे पोर कोणी ऐकून घेत नाही. ‘मामा, दोरी नको, तुम्ही पाय स्थिर धरा, मी १०८ला फोन लावते’ म्हटले की मामाच्या हातांना काम मिळते आणि दोरी बाजूला राहते.

‘घट्ट बांधले की विष चढत नाही’

सर्वांत खोल रुजलेला आणि सर्वांत घातक समज हाच. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. फेब्रुवारी ते मे या काजूच्या हंगामात बोंडू वेचणारा हात वाळलेल्या पानांत जातो आणि तसल्या पाचोळ्यात, सड्यावरच्या दगडांत फुरसे बसलेले असते. शेतात आणि घराच्या आसपास घोणस आणि नाग. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावतो तो मण्यार.

घट्ट दोरीने धोका टळत नाही, रक्तपुरवठा मात्र तुटतो. फुरसे आणि घोणस यांचे विष मुळातच चाव्याभोवतीचे मांस नासवते. दोरीमुळे ते तिथेच कोंडते आणि जो पाय वाचला असता तो कापण्याची वेळ येऊ शकते. शिवाय दोरी एकदम सोडली की साचलेले विष झपाट्याने शरीरात पसरू शकते. म्हणूनच आधीच कोणी करकचून बांधले असेल तर ते वाटेत घाईने सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावे. ब्लेडने चीर देण्याने आणि तोंडाने विष ओढण्याने विष बाहेर येत नाही. चीर मात्र धोक्याची असते, कारण फुरसे-घोणसाच्या दंशात रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते आणि लहानशी जखमही वाहत राहते.

करायचे ते फार साधे आहे. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय, मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा, फळीने सैल बांधून स्थिर ठेवावा. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत. मग थेट इस्पितळ.

सापाला मारून सोबत न्यावे लागते, हा त्याच समजाचा धाकटा भाऊ. भारतातले प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र काम करते आणि डॉक्टर ते लक्षणे पाहून देतात. सापाचा पाठलाग करताना दुसरा माणूस चावून घेतो, एवढेच होते. अपवाद सांगायला हवा : पश्चिम घाटाच्या झाडीत नाकाचे टोक वर वळलेला चापड्याच्या कुळातला एक लहान साप आढळतो, आणि त्याच्या विषावर हे औषध लागू पडत नाही. दुरून फोटो मिळाला तर डॉक्टरांना उपयोग होतो, पण त्यासाठी थांबू नये.

मंत्र किंवा झाडपाल्याने माणूस बरा झाल्याची उदाहरणे गावोगाव सांगतात आणि ती खोटी नसतात. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचतोच असे नाही. असा रुग्ण काहीही न करता बरा होतो आणि श्रेय मुळीला मिळते. याउलट मण्याराचा दंश जवळजवळ दुखत नाही, खूणही दिसेनाशी असते. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. ‘काही झालेले नाही, सकाळी बघू’ या वाक्याने गेलेले जीव परत येण्यासारखे होते.

‘बुडालेल्याच्या पोटातले पाणी आधी काढा’

डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींनी मोठमोठे खड्डे मागे ठेवले आहेत. पावसाळ्यात ते भरतात. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याच्या कडा उभ्या आणि निसरड्या असतात आणि पाय टेकायला काठ मिळत नाही. तिकडे पेडण्यात मोरजी, मांद्रे, हरमल, केरीचे किनारे. तिथे जीवरक्षक नेमलेले असतात, खाणीच्या खड्ड्यावर कोणी नसते.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, ही समजूत चित्रपटांतून आली आहे. तोंड पाण्याच्या पातळीवर असलेल्याला ओरडायला श्वासच उरत नाही. तो बहुधा शांतपणे खाली जातो. त्याच्यामागे उडी घेणारा मित्रही बुडतो. म्हणून काठावरून दोरी, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून फेकावा, असे स्वयंसेवकाला शिकवतात.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोटावर दाबणे यांत मौल्यवान वेळ जातो. फुप्फुसांत गेलेले पाणी सहसा थोडे असते आणि ते असे बाहेर येत नाही. पोटातले अन्न मात्र वर येऊन श्वासनलिकेत शिरते. बुडण्यात मृत्यू येतो तो प्राणवायूच्या अभावाने. म्हणून श्वास बंद असेल तर पहिले काम तोंडाने श्वास देणे, मग छातीवर दाब : ३० दाब आणि २ श्वास, पुन्हा ३० आणि २. मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. छातीवर बाहेरून दाब देण्याची ही पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडली. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त दाबांची सोपी पद्धत सुचवली. रस्त्यात अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी ती योग्य आहे. बुडालेल्याला मात्र श्वास लागतातच.

‘बरगडी मोडली तर?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. मोडू शकते. बरगडी जुळते, पण मेंदूला चार ते सहा मिनिटे रक्त मिळाले नाही तर झालेले नुकसान भरून येत नाही. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास चालू आहे, असेही समजू नये. हृदय थांबल्यावरही ते काही मिनिटे येत राहतात.

‘तोंडात थोडे पाणी घाला’

बेशुद्ध माणसाला पाणी पाजण्यामागे माया असते, पण शुद्ध हरपलेल्याला गिळता येत नाही आणि पाणी श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे जीभ आणि उलटी यांनी घसा बंद होत नाही. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत चावी देणे, दातांत चमचा घालणे यांपैकी कशानेही झटके थांबत नाहीत. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप ओसरते आणि कांदा तोवर सापडलेला असतो, इतकाच त्या कांद्याचा गुण. चमच्याने दात तुटतात. आजूबाजूच्या कठीण वस्तू हटवाव्यात, डोक्याखाली मऊ काही द्यावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून जास्त चालली तर तातडीने इस्पितळ. नाकातून रक्त येत असेल तर डोके मागे टाकण्याचाही प्रघात आहे. त्याने रक्त घशात उतरते. डोके किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा.

भाजल्यावर हळद, तूप, टूथपेस्ट किंवा कोकमतेल लावणे हेही असेच. भेगा पडलेल्या टाचांना कोकमतेल उत्तम, भाजलेल्या कातडीला नाही. तेलातुपाने उष्णता आत राहते आणि डॉक्टरांना ते खरवडून काढावे लागते. नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे, बर्फ नाही, फोड फोडायचे नाहीत, वर स्वच्छ कापड.

‘चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात’

डिचोली तालुक्यातल्या शिरगावात श्री लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते आणि धोंड म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त होमखणाच्या निखाऱ्यांवरून जातात. ३ मे २०२५ च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी होऊन सहा भाविकांचा मृत्यू झाला आणि सत्तरहून अधिक माणसे जखमी झाली. अशा दुर्घटनांविषयीची सर्वसाधारण समजूत वेगळी असली, तरी जगभरचा अनुभव असा की गर्दीत बहुसंख्य मृत्यू गुदमरून होतात. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुगू शकत नाही, आणि माणसाची उभ्या-उभ्याही शुद्ध हरपू शकते.

स्वयंसेवकाने काय करावे, ते यातून ठरते. किंचाळणारा माणूस श्वास घेत असतो. आधी जायचे ते गप्प पडलेल्याकडे. त्याचा श्वास पाहायचा आणि लागेल तर छातीवर दाब सुरू करायचे. आवाजाकडे धावण्याची उपजत ओढ आवरणे हा या शिक्षणातला कठीण धडा आहे. गर्दीत अडकलेल्याने दोन्ही हात छातीसमोर मुडपून श्वासापुरती जागा राखावी, लोंढ्याविरुद्ध न ढकलता तिरके कडेला सरकत जावे.

‘गोव्यात रेबीज नाही, मग इंजेक्शन कशाला?’

लसीकरणाच्या मोठ्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे, पण नियंत्रित म्हणजे निर्मूलन नव्हे. राज्याची हद्द कुत्र्याला कळत नाही आणि लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. चावा साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावा. तिखट, चुना लावू नये. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच इतिहासजमा झाली, आता दंडात चार-पाच पुरतात.

किनाऱ्यावर जेलीफिशचा डंख झाला तर लघवी किंवा गोडे पाणी ओतणे चूक आहे. न फुटलेल्या विषपेशी त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू अलगद काढावेत आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवावा.

‘हात लावला की पोलिसांच्या फेऱ्यात अडकलो’

राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्रादेवीपासून पेडणे तालुक्यातूनच गोव्यात उतरतो आणि २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आसपासची रहदारी वाढली आहे. अपघात झाला की माणसे गोळा होतात, पुढे कोणी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. वाहन अपघातातल्या जखमीला निःस्वार्थपणे, सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्ती पोलीस किंवा इस्पितळ करू शकत नाही. कलम वाहन अपघातापुरतेच आहे, हे स्वयंसेवकाने लक्षात ठेवावे.

प्रमाणपत्र हाती आले की शिक्षण संपले, हा समज खुद्द विद्यार्थ्यांतच आढळतो. छातीवर दाब देण्याचे कसब सरावाविना काही महिन्यांतच ढिले पडते. औषध देणे प्रथमोपचारकाच्या कामात मोडत नाही, आणि रुग्णवाहिका येताच निघून जाणे म्हणजे काम अर्धवट टाकणे. १०८ च्या पथकाला वेळ सांगावी लागते : दंश किती वाजता झाला, शुद्ध कधी हरपली, फिट किती मिनिटे चालली, दाब कधी सुरू केले. दोरी बांधली होती, चीर दिली होती, मुळी उगाळून पाजली होती, हे घरची माणसे संकोचाने दडवतात. तेही सांगावे, कोणाला दोष न देता, कारण पुढचे उपचार त्यावरच ठरतात.