येडशीचे रान, तेरचा व्यापार

मराठवाडा म्हणजे उजाड माळ, असे समजणाऱ्याने श्रावणात येडशीला यावे. बालाघाटाच्या कुशीतले रामलिंग घाट अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम 22 चौरस किलोमीटर, पण पाऊस लागला की दरीतल्या रामलिंग मंदिराजवळचा धबधबा उसळतो. माकडांना खाऊ घालू नका. जंगलाचे आणि त्यांचे, दोघांचेही नुकसान होते.

इथून तेर चुकवू नये. मराठवाड्याला समुद्र नाही, तरी तेरणाकाठच्या या गावाचा माल समुद्रापार जाई. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते ‘तगर’ म्हणून येते: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथले सुती कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी नाते सांगते. लामतुरे संग्रहालयाला निवांत वेळ द्या. विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि संत गोरोबाकाकांची समाधीही गावातच.

रेल्वेने: कुर्डुवाडी–लातूर मार्गावर येडशी आणि तेर, दोन्ही स्थानके.