गज, तात आणि बरोक काळातील व्हायोलिन कॉन्चेर्तो

युरोपीय संगीताच्या इतिहासात साधारणपणे १६०० ते १७५० या कालखंडाला बरोक म्हणतात आणि त्याच्या उत्तरार्धात इटलीत उदयास येऊन काही दशकांत सारा युरोप व्यापणारा वाद्यसंगीताचा प्रकार म्हणजे कॉन्चेर्तो, ज्यात एक वा अधिक एकल वादक आणि तंतुवाद्यांचा लहानसा वृंद यांच्यात आळीपाळीने वादन चालते. बोलोन्या येथील जुझेप्पे तोरेल्ली याने लिहिलेले एकल व्हायोलिनचे कॉन्चेर्तो त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १७०९ मध्ये छापले गेले. परंतु या प्रकाराला पक्की घडण लाभली ती व्हेनिसच्या आन्तोनिओ विवाल्दीच्या (१६७८–१७४१) हातून. विवाल्दीने १७०३ मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी तो ‘ओस्पेदाले देल्ला पिएता’ या, टाकून दिलेल्या मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेत व्हायोलिनशिक्षक झाला. तेथील निवडक मुलींना संगीताचे कसून शिक्षण मिळे, त्या जाळीआडून वादन करीत आणि त्यांना ऐकण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येत. विवाल्दीचे अनेक कॉन्चेर्तो आन्ना मारिया या तेथील वादिकेसाठी लिहिलेले आहेत, यावरून तिच्या तयारीची कल्पना येते.

या कॉन्चेर्तोंत बहुधा जलद, संथ, जलद असे तीन भाग असतात. जलद भागाच्या आरंभी वृंद एक ठसठशीत स्वरवाक्य मांडतो, एकल व्हायोलिन त्यापासून सुटून आपली करामत दाखवते आणि ते स्वरवाक्य पुन्हा पुन्हा परतते, म्हणून त्यास रितोर्नेल्लो म्हणतात. भजनातील ध्रुवपदाशी त्याचे नाते सहज जाणवते. मात्र ध्रुवपद त्याच षड्जावर परतते, तर रितोर्नेल्लो मधल्या फेऱ्यांत निराळा आधारस्वर घेऊन, पुष्कळदा अर्धेच, येते आणि मूळ आधारस्वरावर स्थिरावते ते अखेरीस. एकल वादकाच्या विस्ताराला चौकट पुरवणारी ही योजना इतकी सोयीची ठरली की १७११ मध्ये आम्स्टरडॅमच्या एस्तियेन रोजे या प्रकाशकाने विवाल्दीचे बारा कॉन्चेर्तो छापल्यानंतर जर्मनीत वायमार येथे योहान सेबास्टियन बाखने त्यांपैकी पाच कळफलकाच्या वाद्यांसाठी उतरवून घेतले.

वृंदाच्या तळाशी चेलो आणि हार्प्सिकॉर्ड, क्वचित थिऑर्बो हे लांब मानेचे ल्यूट असते. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या कण्याचा तुकडा तार छेडतो. वादकापुढे केवळ खर्जाची ओळ आणि काही आकडे असतात व वरची स्वरसंगती त्याने जागच्या जागी भरायची असते. या पद्धतीला बास्सो कोन्तिनुओ म्हणतात.

क्रेमोनाच्या आन्तोनिओ स्त्रादिवारीने (मृत्यू १७३७) घडवलेले व्हायोलिन ऐकले की विवाल्दीच्या काळचा आवाज ऐकला, ही समजूत मात्र तपासून पाहावी लागते. त्या काळी व्हायोलिनची मान धडाशी जवळजवळ सरळ रेषेत बसवलेली, बोटे टेकवायची पट्टी आखूड, आतून चिकटवलेली आधारपट्टी नाजूक आणि तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. हनुवटीचा टेकू तर १८२० च्या सुमारास आला. मोठ्या सभागृहांना मोठा आवाज हवा झाला तेव्हा, १८०० च्या आसपासपासून, जुन्या वाद्यांच्या माना बदलून मागे कलवण्यात आल्या, आधारपट्ट्या जाड झाल्या आणि तारांचा ताण वाढला. विसाव्या शतकात पोलादी तारही आली. त्यामुळे आज वाजणारी बहुतेक स्त्रादिवारी वाद्ये धडाने बरोक आणि बांधणीने एकोणिसाव्या शतकातील आहेत, आणि गेल्या वर्षी जुन्या मापांनी घडवलेले एखादे नवे व्हायोलिन त्यांच्यापेक्षा अधिक बरोक असू शकते.

असे असले तरी खरा फरक वाद्यापेक्षा गजात अधिक आहे. बरोक गजाची काठी सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली आणि टोकाशी हलकी असे. १७८५ च्या सुमारास पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त याने आत वळलेल्या काठीचा जो नमुना रूढ केला, त्यात टोकापर्यंत सारखाच जोर टिकतो. जुन्या गजाखाली स्वर आपोआप उमलतो आणि ओसरतो, लागोपाठचे जलद स्वर वेगळे प्रयत्न न करता सुटे पडतात, आणि विवाल्दीची धावती स्वरपंक्ती नेमकी याच सुटेपणावर उभी आहे. १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चार ऋतू’ या कॉन्चेर्तोंपैकी ‘वसंत’च्या संथ भागात मेंढपाळ झोपलेला असताना व्हायोला कुत्र्याचे भुंकणे वाजवतो आणि ते सतत मोठ्याने व ओरबाडल्यासारखे वाजवावे, अशी विवाल्दीची सूचना आहे. तातीवर जुन्या गजाने भुंकण्याचे हे दोन स्वर खरोखरच खरखरीत निघतात. गुळगुळीत केलेले भुंकणे बहुतेक मैफलींत ऐकू येते, ते या सूचनेच्या विरुद्ध जाते.

स्वरकंपाविषयी मात्र जुन्यांतही एकमत नव्हते. इटालियन व्हायोलिनवादक जेमिनियानीने १७५१ च्या आपल्या ग्रंथात त्याचा मुबलक वापर सुचवला, तर व्हायोलिनशिक्षक लेओपोल्ड मोत्सार्टने १७५६ मध्ये प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांची खिल्ली उडवली. स्वरपट्टीचेही तसेच आहे: आजचे बरोक वाद्यवृंद ‘ला’ हा स्वर ४४० ऐवजी बहुधा ४१५ हर्ट्झवर, म्हणजे सुमारे अर्ध्या स्वराने खाली लावतात, हा सोयीसाठी ठरवलेला संकेत असून विवाल्दीच्या व्हेनिसमधील पट्टी त्याहून बरीच चढी होती.

१९५३ मध्ये निकोलाउस आर्नोनकूर यांनी व्हिएन्नात स्थापन केलेल्या ‘कोन्त्सेन्तुस म्युझिकुस’पासून जुन्या बांधणीची वाद्ये पुन्हा मैफलीत आली. ती वाजवणाऱ्यांची खरी कसोटी ‘ग्रोस्सो मोगुल’, म्हणजे थोर मोगल, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विवाल्दीच्या कॉन्चेर्तोत लागते. नावापलीकडे हिंदुस्थानशी त्याचा काही संबंध ऐकू येत नाही, पण त्याच्या संथ भागात वृंद गप्प राहतो, खर्जाच्या साथीवर एकटे व्हायोलिन बोलल्यासारखे, मोकळ्या लयीत गाते, आणि तेथे प्रत्येक उच्चार गजालाच करावा लागतो. म्हणूनच आधुनिक व्हायोलिन न सोडता केवळ बरोक नमुन्याचा गज हाती घेणारे अनेक वादक आज दिसतात. तडजोडच करायची, तर ती आधी गज, मग वाद्य याच क्रमाने करणे शहाणपणाचे आहे.