गाऱ्हाणें ऐकण्याचें शिक्षण

अमरावती जिल्ह्यांत, मेळघाटांतील हरिसाल येथें, वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनीं २५ मार्च २०२१ रोजीं आपली जीवनयात्रा संपविली. वरिष्ठानें चारचौघांत अपमान केला आणि त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करूनही दखल घेतली गेली नाहीं, असे आरोप त्यांच्या पत्रांत होते. त्यांचा निवाडा हें न्यायालयाचें काम होय. परंतु प्रत्येक कचेरीनें स्वतःस विचारावा असा एक प्रश्न त्यांतून उभा राहतो. हाताखालचा माणूस गाऱ्हाणें घेऊन आला, तर तें ऐकावें कसें, हें आपल्याकडे कोणी शिकलें आहे काय?

कायद्यानें कांहीं वाट घालून दिली आहे. २०१३ च्या कायद्यान्वयें, दहा किंवा अधिक माणसें काम करीत असतील तेथें स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या चौकशीसाठीं अंतर्गत समिति असावी लागते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत करावयाची, व चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची. अकोल्याच्या एखाद्या लहान डाळमिलींत वा दुकानांत दहाहून कमी माणसें असतील, तर तेथील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातां येतें. कर्मचाऱ्यांस वेळोवेळीं शिक्षण देणें, हेंही मालकाचें कर्तव्य ठरविलेलें आहे. अनुसूचित जातिजमातींच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत केलेला अपमान १९८९ च्या कायद्याखालीं गुन्हा होतो. अपंगांना २०१६ च्या कायद्याचें संरक्षण आहे.

मात्र रोजचा टोमणा, मुद्दाम नाकारलेली रजा, सर्वांदेखत ओरडणें, अशा सामान्य मानसिक छळासाठीं देशांत स्वतंत्र कायदा नाहीं. तेथें तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा लागतो. म्हणूनच शिक्षणाची गरज तेथें अधिक, आणि तें आधीं वरिष्ठांस हवें.

त्यांत शिकविण्यासारखें थोडेंच आहे, पण तें सरावानेंच अंगीं येतें. गाऱ्हाणें एकांतांत ऐकावें व तारखेसह लिहून घ्यावें. “एवढें मनावर घेऊं नका,” असें म्हणूं नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच तो कागद पाठवूं नये. उत्तर कोणत्या दिवशीं मिळेल तें सांगावें, आणि तो दिवस पाळावा. सहकाऱ्यांनींही मान खालीं घालून बसूं नये. नेहमीं बोलणारा माणूस अबोल झाला, तर त्याची विचारपूस करावी. मन फारच खचलें असल्यास टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

गाऱ्हाणें सांगणारा बहुधा अनेक दिवस धीर गोळा करून दारांत आलेला असतो. तें दार बंद आढळलें, तर तो दुसऱ्यांदा येईलच, असें कोणीं धरून चालूं नये.