जपानच्या कार्टून पार्कची सहल : आधी कागदावर, मग विमानात



शिनचॅन, डोरेमॉन, नारुतो ही नावं आता आपल्या वर्गात नवीन राहिलेली नाहीत. चौथी-पाचवीच्या मुलांना विचारा, डोरेमॉनच्या खिशातली दहा गॅजेट्स धडाधड सांगतील. या जपानी कार्टूनना 'ॲनिमे' म्हणतात आणि जपानमध्ये त्यांची मोठमोठी पार्क आहेत, हेही मुलांना मोबाइलवरून कळलेलं असतं. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "बाबा, आपण जपानला जाऊ या ना!"

काही पालक खरंच जायचा विचार करतात. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे त्यात घालायचे असतात. आणि नेमकं इथंच गडबड होण्याची शक्यता असते. कारण यातल्या बऱ्याच ठिकाणी दारात जाऊन तिकीट काढता येईलच असं नसतं. शिवाय मुलाला हवं असतं एक आणि आपण घेऊन जातो दुसरीकडेच. म्हणून आजच्या लेखात ही सहल आखायची कशी ते पायरी-पायरीने पाहू. जे जाणार नाहीत, त्यांच्यासाठी शेवटी वर्गातला उपक्रमही दिला आहे. खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांना तोच जास्त उपयोगी पडेल.

पायरी १ : मुलाचं आवडतं कार्टून कोणतं?

जपानमध्ये सगळी कार्टून एकाच पार्कमध्ये नाहीत. म्हणून आधी मुलाला विचारा आणि मग ठिकाण ठरवा.

डोरेमॉन आवडत असेल तर : टोकियोजवळच्या कावासाकी शहरात फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय आहे. डोरेमॉन काढणाऱ्या चित्रकाराचं हे संग्रहालय. ते ३ सप्टेंबर २०११ ला सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली आहे, कारण गोष्टीतल्या डोरेमॉनचा जन्मदिवस ३ सप्टेंबर २११२ आहे! इथे झोके-पाळणे नाहीत. मूळ हाताने काढलेली चित्रं बघायला मिळतात.

शिनचॅन, नारुतो किंवा गॉडझिला आवडत असेल तर : आवाजी बेटावर 'निजिगेन नो मोरी' नावाचं पार्क आहे. ते २०१७ मध्ये सुरू झालं. दोरीवरून घसरत जाणं, अडथळे पार करणं, चक्रव्यूहातून वाट काढणं असे खेळ इथे आहेत. गॉडझिलाच्या उघड्या तोंडात दोरीवरून घसरत शिरायचं, हे तर मुलांना ऐकूनच आवडतं. पार्कमध्ये शिरायला पैसे लागत नाहीत, पण प्रत्येक खेळाचं तिकीट वेगळं असतं. काही खेळांना उंचीची आणि वयाची अट असते. म्हणून निघण्याआधी घरीच भिंतीला उभं करून मुलाची उंची मोजा. एवढ्या लांब जाऊन "तू अजून लहान आहेस" हे ऐकणं मुलाला फार लागतं.

टोटोरो, किकी, 'स्पिरिटेड अवे' आवडत असेल तर : मग घिबली पार्क. स्टुडिओ घिबली १९८५ मध्ये सुरू झाला. हायाओ मियाझाकी हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध दिग्दर्शक. त्यांच्या 'स्पिरिटेड अवे'ला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं.

पायरी २ : घिबली पार्क नीट समजून घ्या

हे पार्क आयची प्रांतातल्या नागाकुते इथे, नागोया शहराजवळ आहे. २००५ मध्ये तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्या मैदानाचं नंतर सार्वजनिक उद्यान झालं. साधारण १९० हेक्टर, म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे एकर! या उद्यानात वेगवेगळ्या ठिकाणी घिबली पार्कचे पाच भाग वसवले आहेत. पहिले तीन १ नोव्हेंबर २०२२ ला उघडले, चौथा नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पाचवा मार्च २०२४ मध्ये.

पालकांनो, एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. इथे मोठमोठे रोलर कोस्टर नाहीत. 'चेटकिणींची दरी' या भागात मेरी-गो-राउंडसारख्या थोड्या राइड आहेत, बाकी सगळं चालत फिरून बघायचं. झाडांमधून पायवाट जाते आणि मध्येच सिनेमातलं एखादं घर खरंखुरं उभं असतं. ज्याने तो सिनेमा पाहिलाय त्याला ते घर ओळखीचं वाटेल. ज्याने पाहिला नाही तो म्हणेल, "हे काय, जुनं घरच तर आहे!"

म्हणून जाण्याआधी निदान तीन सिनेमे घरी एकत्र बसून बघा. 'माय नेबर टोटोरो' (१९८८), 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९) आणि 'स्पिरिटेड अवे' (२००१). पहिले दोन लहान मुलांनाही चालतात. तिसऱ्यात काही दृश्यं भीतीदायक आहेत, त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलांसोबत आपण बसावं. 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) मात्र मोठ्या मुलांसाठी आहे. त्यात लढाई आणि रक्त आहे.

पार्कमधल्या दोन गोष्टी मला शिक्षक म्हणून खास वाटतात. एक म्हणजे टोटोरोमधल्या सात्सुकी आणि मेई या बहिणींचं घर. १९५०च्या दशकातल्या जपानी खेड्यातलं घर हुबेहूब बांधलं आहे आणि आत गेल्यावर कपाटं, ड्रॉवर उघडून बघायला परवानगी आहे. आपल्या बहुतेक संग्रहालयांत 'हात लावू नये' ही पाटी असते, इथे हात लावून शिकायचं. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच घरामागच्या टेकडीवर लाकडाचा भलामोठा टोटोरो आहे. त्याच्या पोटात फक्त प्राथमिक शाळेतली आणि त्याहून लहान मुलंच जाऊ शकतात. मोठ्यांनी बाहेर थांबायचं! मूल सातवीत गेलं असेल तर हा भाग त्याच्या हातून निसटलेला असतो. सहल कधी करायची हे ठरवताना हेही लक्षात घ्या.

पायरी ३ : तारीख निवडा

आपली मुलं मोकळी असतात मे महिन्यात आणि दिवाळीत. यातली दिवाळीची सुट्टी निवडा. का ते बघा.

एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा हा जपानमध्ये 'गोल्डन वीक' असतो. ओळीने सरकारी सुट्ट्या येतात. ५ मे हा तर तिथला बालदिन. अख्खा जपान फिरायला निघालेला असतो. त्यामुळे गाड्या भरलेल्या, हॉटेलं महाग. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्यांचा पावसाळा. ऑगस्टमध्ये उकाडा आणि ओबोनच्या सुट्टीची गर्दी. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्ये मात्र हवा छान गार असते, आकाश मोकळं असतं आणि मेपलची पानं लाल व्हायला लागतात. उघड्यावर दिवसभर चालायचं असेल तर हाच काळ चांगला.

आता वार. घिबली पार्क साधारणपणे मंगळवारी बंद असतं. डोरेमॉनचं संग्रहालयही मंगळवारीच बंद. म्हणून मंगळवार प्रवासासाठी ठेवा. सणासुदीला यात बदल होतो, तेव्हा अधिकृत संकेतस्थळावरचं कॅलेंडर बघूनच नक्की करा.

पायरी ४ : तिकीट आधी, विमान नंतर?

हा सगळ्यात अवघड भाग आहे. घिबली पार्कचं तिकीट ठरावीक तारखेचं असतं आणि आगाऊ काढावं लागतं. 'ग्रँड वेअरहाउस' या मोठ्या इमारतीत शिरायची वेळही तिकीट काढतानाच निवडायची असते. पासचे प्रकार वेगवेगळे आहेत. काही पासवर घरांच्या आत जाता येतं, काहींवर नाही. "स्वस्तातला घेऊ" असं म्हणण्याआधी त्यात काय काय आहे ते नीट वाचा.

टोकियोजवळच्या मिताका इथे घिबलीचंच एक छोटं संग्रहालय २००१ पासून आहे. तिथला नियम तर एकदम पक्का. दर महिन्याच्या १० तारखेला, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता, पुढच्या महिन्याची तिकिटं सुटतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे किती वाजले? सकाळचे साडेसहा! नोव्हेंबरच्या सुट्टीत जायचं असेल तर १० ऑक्टोबरला पहाटे उठून तयार बसा. आणि हो, या संग्रहालयात आत फोटो काढायला मनाई आहे. डोळ्यांनी बघा, ही त्यांची अपेक्षा.

म्हणून क्रम असा ठेवा :

१. सगळ्यांचे पासपोर्ट तपासा. मुलांच्या पासपोर्टची मुदत लवकर संपते.
२. पार्कची बंद-सुरू तारखांची यादी बघा.
३. एकच नाही, दोन-तीन तारखा चालतील असा कार्यक्रम आखा.
४. हॉटेल असं घ्या की ते रद्द करता येईल.
५. पार्कचं तिकीट अधिकृत ठिकाणाहूनच काढा. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट जास्त पैसे देऊन घेऊ नका, दारात ओळखपत्र मागू शकतात.
६. भारतीयांना जपानचा व्हिसा लागतो. त्याचे सध्याचे नियम बघून वेळेत अर्ज करा.

पायरी ५ : जायचं कसं?

टोकियोहून नागोया सुमारे ३६६ किलोमीटर. शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनने साधारण १ तास ४० मिनिटं लागतात. नागोया स्टेशनवरून हिगाशियामा लाइनच्या मेट्रोने फुजिगाओका, अंदाजे अर्धा तास. तिथून 'लिनिमो' गाडी पकडायची आणि साधारण पाव तासात पार्कच्या दारात.

आता बेरीज करा. गाड्या बदलायचा वेळ धरला तर टोकियोहून एका बाजूला पावणेतीन-तीन तास. लहान मुलांना घेऊन एकाच दिवसात जाऊन-येऊन करणं म्हणजे दमछाक. त्यापेक्षा नागोयात दोन रात्री मुक्काम करा.

या लिनिमोचं मुलांना नक्की सांगा. ही चुंबकावर चालणारी गाडी आहे. मार्ग ८.९ किलोमीटरचा, स्थानकं ९ आणि गाडी बिनचालकाची. मुलांना वाटतं की दोन चुंबक एकमेकांना ढकलतात म्हणून गाडी तरंगते. लिनिमोमध्ये उलट आहे. गाडीचा खालचा भाग रुळाला खालून कवेत घेतो आणि त्यातले विद्युतचुंबक रुळाकडे ओढले जातात. त्या ओढीमुळे गाडी वर उचलली जाते. आकर्षणानेही वस्तू उचलता येते, हे विज्ञानाच्या तासाला सांगायला किती छान उदाहरण आहे!

आवाजी बेटावर जायचं असेल तर कोबे शहरातून बस मिळते. ती आकाशी काइक्यो पुलावरून जाते. १९९८ मध्ये झालेल्या या झुलत्या पुलाचा मधला गाळा १९९१ मीटरचा आहे. म्हणजे दोन किलोमीटरला फक्त नऊ मीटर कमी.

पायरी ६ : खर्च आणि खाणं

खर्चाचे पाच रकाने करा : विमान व व्हिसा, राहणं, तिथला प्रवास, तिकिटं, खाणं. प्रत्येक रकाना येनमध्ये लिहा आणि त्या दिवशीच्या दराने रुपयांत बदला. येन रुपयापेक्षा लहान आहे, त्यामुळे आकडे बघून घाबरू नका, पण बेफिकीरही होऊ नका. सहावा रकाना 'खेळणी व आठवण' असा ठेवा आणि तो मुलाच्या हातात द्या. "एवढे येन तुझे, काय घ्यायचं ते तू ठरव." दुकानातली निम्मी रडारड तिथेच थांबते.

जपानी रेल्वेत ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. त्याहून लहान मुलांना मोठ्यांसोबत वेगळी राखीव जागा घेतली नाही तर तिकीट नाही. आपल्या एसटीच्या हाफ तिकिटासारखंच.

शाकाहारी असाल तर जरा काळजी घ्या. भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असू शकतो, कारण 'दाशी' हा त्यांच्या स्वयंपाकाचा पाया आहे. चिवडा, थेपले, दशम्या सोबत ठेवा. आंबे किंवा इतर ताजी फळं नेऊ नका, मांसाचे पदार्थही नाहीत. विमानतळावर त्याचे नियम कडक आहेत. रस्त्यात कचराकुंड्या फारशा दिसत नाहीत, म्हणून कचऱ्यासाठी एक पिशवी पिशवीतच असू द्या.

वर्गातला उपक्रम : न जाता केलेली सहल

आता आपल्या शिक्षकांसाठी. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी जपानला एखादंच जाईल, कदाचित एकही नाही. म्हणून सुरुवात "कोण कोण परदेशात गेलंय?" या प्रश्नाने करू नका. त्या प्रश्नाने अडतीस मुलं गप्प होतात. त्याऐवजी सगळ्यांना सारखं काम द्या : "एका कुटुंबाची सहल आपल्याला आखून द्यायची आहे. आई, बाबा, नऊ वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा भाऊ."

चार गट करा.

नकाशा गट : टोकियो, नागोया, कोबे, आवाजी बेट नकाशात शोधायचं आणि मार्ग काढायचा.

घड्याळ गट : जपानची वेळ आणि आपली वेळ यांचा तक्ता. तिथे दुपारचे २ वाजले तर इथे किती? (साडेदहा.)

हिशेब गट : मिताका संग्रहालयाचं तिकीट मोठ्यांना १००० येन, ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ४००, ४ ते ६ वर्षांच्या मुलांना १००. आपल्या कुटुंबाला किती? (२५०० येन.)

भाषा गट : 'कोन्निचिवा' (नमस्कार), 'आरिगातो' (धन्यवाद), 'सुमिमासेन' (माफ करा, जरा ऐकता का) हे शब्द शिकून वर्गाला शिकवायचे आणि सहलीचं अर्ध्या पानाचं वर्णन लिहायचं.

दोन तासिका पुरतात. भूगोल, गणित, विज्ञान, भाषा सगळं एकत्र येतं आणि मुलांना अभ्यास केल्यासारखंही वाटत नाही.

पुढच्या वेळी हाच तक्ता घेऊन आपल्या शाळेची खरी सहल मुलांनाच आखायला द्या. जवळचा किल्ला असो, धरण असो की प्राणिसंग्रहालय. बंद असण्याचा वार कोणता, बस किती वाजता, तिकीट किती, डब्यात काय, हे प्रश्न तेच आहेत. जपानच्या निमित्ताने ते विचारायची सवय लागली, तर ती मुलांना आयुष्यभर पुरेल.

आपल्या वर्गात उपक्रम करून बघा आणि मुलांनी काय काय आखलं ते जरूर कळवा.