कोळंबीचा एक वाटा आपलाही

मैत्रिणींनो, मासळी खाणाऱ्या घरात कोळंबी कुणाला आवडत नाही? रायगड-रत्नागिरीकडे आपण तिला कोळंबी म्हणतो, मालवणात आणि गोव्यात ती सुंगटं होते, विदर्भात तलावाकाठच्या गावांतून झिंगे. आकाराने लहान असली तर करंदी, आणि त्याहूनही बारीक तो जवळा. नाव काहीही असो, पिशवीतून कोळंबी घरात आली की मुलं स्वयंपाकघरात दोनदा तरी डोकावून जातात.

पण बचत गटाच्या बैठकीत आहाराचा विषय निघाला आणि "शेवटी तुमच्या ताटात किती कोळंबी आली?" असं विचारलं, की बायका एकमेकींकडे बघून हसतात. आधी मुलांना, मग घरातल्या पुरुषांना, सासू-सासऱ्यांना, आणि शेवटी भांड्यात उरलेला रस्सा आपल्याला. कोळंबी सोलणारी ती, वाटण वाटणारी ती आणि डोकी चोखणारीही तीच! हे आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलंय, की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही.

आता जरा आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. म्हणजे दोघींपैकी एकीपेक्षा जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर पुरुषाला १९. प्रथिनंही स्त्रीला रोज साधारण ४६ ग्रॅम हवीत. ज्या बाईला लोहाची गरज जास्त, तिच्याच ताटात नुसता रस्सा! म्हणूनच आज कोळंबीचे असे प्रकार सांगणार आहे, ज्यात तेल कमी, वेळ कमी आणि वाटा मात्र सगळ्यांचा, अगदी आपलासुद्धा.

परतलेली कोळंबीच का?

कालवणात खोबऱ्याचं वाटण लागतं, तळलेल्या कोळंबीला तेल भरपूर लागतं. ते सणावाराला, पाहुण्यांना ठीक आहे. रोजच्या जेवणासाठी मोठ्या आचेवर झटपट परतलेली कोळंबी बरी. हल्ली गावोगावी चौकात चायनीजच्या गाड्या लागतात. आपली मुलं त्या वासाने वेडी होतात. त्या गाडीवरचा लाल रंग, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि भरमसाट मीठ-सॉस यांची आपल्याला काळजी वाटते, आणि ती रास्तच आहे. पण कढई कडक तापवायची, तेल बेताचं घ्यायचं, सगळं आधी चिरून तयार ठेवायचं आणि चार-पाच मिनिटांत काम उरकायचं, ही मूळची चिनी रीत मात्र फार शहाणपणाची आहे. भाज्या कुरकुरीत राहतात, त्यांचा रंग टिकतो आणि गॅसही वाचतो.

आणखी एक फायदा आहे. अर्धा किलो अख्खी कोळंबी सोलल्यावर साधारण निम्मी, पाव किलो भरते. पाच माणसांत ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅम येते. त्यातून जवळजवळ १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. तिच्यात तितकीच किंवा दुप्पट भाजी घातली की भांडं भरलेलं दिसतं, सगळ्यांना पुरतं, आणि 'मला नको, मुलांना राहू दे' म्हणायची वेळ येत नाही.

घेताना आणि साफ करताना

ताज्या कोळंबीचं कवच चकचकीत आणि अंगाला घट्ट असतं, डोकं सहज गळून पडत नाही. डोकं काळं पडलेलं असेल, अंग बुळबुळीत लागत असेल किंवा नाकात झोंबणारा वास येत असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. समुद्रापासून लांबच्या गावांत आता बर्फातली किंवा पाकिटातली गोठवलेली कोळंबी मिळते. ती बहुतेक शेततळ्यांत वाढवलेली 'व्हेनामी' जातीची असते. २००९ पासून आपल्या देशात तिची शेती सुरू झाली आणि आंध्र प्रदेशात ती सगळ्यात जास्त होते. पाकीट घेताना तारीख बघा, आत बर्फाचे मोठे खडे झालेले असतील तर ती मधे वितळून पुन्हा गोठवली असण्याची शक्यता असते. असं पाकीट टाळा. गोठवलेली कोळंबी गरम पाण्यात टाकू नका. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर पाकिटासकट गार पाण्यात ठेवा. एकदा वितळली की पुन्हा गोठवू नका.

साफ करताना डोकं आणि कवच काढल्यावर पाठीवर सुरीने हलकी चीर द्या आणि काळा धागा ओढून काढा. ती कोळंबीची आतडी. राहिली तर दाताखाली कचकच लागते. मग एक-दोनदा धुऊन स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडी करा. ही पायरी वगळू नका. ओली कोळंबी कढईत पडली की पाणी सुटतं आणि ती परतली जाण्याऐवजी उकडली जाते. डोकी आणि कवचं टाकून न देता धुऊन दोन भांडी पाण्यात पंधरा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. दुसऱ्या दिवशीच्या आमटी-भाताला त्या पाण्याने झकास चव येते.

१. कोळंबी आणि मिश्र भाज्या

साहित्य : सोललेली कोळंबी पाव किलो, उभा चिरलेला कोबी दोन वाट्या, गाजर एक, ढोबळी मिरची एक, फरसबी मूठभर, पातीचा कांदा चार काड्या, ठेचलेला लसूण आठ पाकळ्या, किसलेलं आलं एक चमचा, मिरपूड अर्धा चमचा, तेल तीन छोटे चमचे, सोया सॉस एक छोटा चमचा (नसला तरी चालेल), लिंबू, मीठ.

कृती : कोळंबीला चिमूटभर हळद आणि मिरपूड लावून दहा मिनिटं ठेवा. कढई चांगली तापवून दीड चमचा तेल घाला. निम्मी कोळंबी एका थरात पसरा. एका बाजूने मिनिटभर, मग उलटून तेवढंच. करडा रंग जाऊन ती केशरी-गुलाबी झाली आणि अर्धचंद्रासारखी वळली की झाली. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजली, मग ती रबरासारखी चिवट लागते. ती ताटलीत काढून उरलेली तशीच परता. सगळी एकदम घातली तर कढई गार होते आणि पाणी सुटतं. आता उरलेल्या तेलात आलं-लसूण परता, आधी गाजर-फरसबी, दोन मिनिटांनी कोबी आणि ढोबळी मिरची घाला. आच मोठीच ठेवा, झाकण नको. भाज्या अर्ध्याकच्च्या असतानाच कोळंबी परत घाला, सोया सॉस आणि पातीचा कांदा घालून एकदा खालीवर करा आणि उतरवा. वरून लिंबू पिळा. सोया सॉसमध्ये मीठ असतंच, म्हणून चव बघूनच मीठ घाला. रक्तदाब असणाऱ्यांसाठी सॉसशिवायची काढा. भाताबरोबर छान लागते, पोळीत गुंडाळून डब्याला देणार असाल तर पूर्ण गार करून द्या आणि दुपारपर्यंत संपवायला सांगा.

२. शेवग्याच्या पाल्यातली कोळंबी

परसात शेवगा असेल तर ही भाजी जवळजवळ फुकटच. नसेल तर माठ किंवा मेथी घ्या.

साहित्य : निवडून धुतलेला कोवळा पाला चार वाट्या, सोललेली कोळंबी किंवा करंदी पाव किलो, बारीक चिरलेला कांदा एक, लसूण सहा पाकळ्या, हिरव्या मिरच्या दोन, हळद, तेल दोन छोटे चमचे, ओलं खोबरं दोन चमचे, लिंबू, मीठ.

कृती : तेलात लसूण-मिरची आणि कांदा परता. हळद घालून पाला घाला आणि तो खाली बसेपर्यंत परतत राहा. पाला शिजला की मधे जागा करून कोळंबी घाला, तीन-चार मिनिटं परता, मीठ घाला. खोबरं भुरभुरा, उतरवल्यावर लिंबू पिळा. तांदळाच्या भाकरीबरोबर खा.

या भाजीमागचं कारण समजून घ्या. कोळंबीत प्रथिनं, बी-१२ जीवनसत्त्व, आयोडीन भरपूर असतं, पण लोह फारसं नसतं. लोह असतं पाल्यात, पण पालेभाजीतलं लोह आपल्या शरीराला सहज मिळत नाही. सोबत मासळी असली आणि वरून लिंबू पिळलं, तर ते जास्त चांगलं शोषलं जातं. म्हणून ही जोडी जमवायची. लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही उतरतं. फक्त झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते. आणि जेवणानंतर लगेच चहा नको. चहाने लोहाचं शोषण कमी होतं. तासभर थांबा.

३. पावसाळ्यातला सुका जवळा

जून-जुलैत मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेला सुका जवळा उपयोगी पडतो. वाटीभर जवळा निवडून, कोरडा भाजून घ्या. मग पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळा, म्हणजे वाळू आणि जास्तीचं मीठ निघून जातं. दोन चमचे तेलात दोन कांदे, लसूण आणि मिरची परता, हळद-तिखट घालून जवळा घाला. दोन-तीन आमसुलं टाकून पाच मिनिटं परता. कोथिंबीर घाला. जवळा आपण कवचासकट खातो, त्यामुळे त्यातून कॅल्शियमही मिळतं. हा अगदी कमी पैशांत होणारा पदार्थ आहे, त्याला 'गरिबाचं खाणं' म्हणून नाक मुरडू नका.

नेहमीच्या शंका

कोळंबीने कोलेस्टेरॉल वाढतं का? १०० ग्रॅम कोळंबीत साधारण एका अंड्याइतकं कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण चरबी मात्र दोन ग्रॅमहूनही कमी असते. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात तळणीतल्या तेला-तुपाचा, वनस्पती तुपाचा हात जास्त असतो. अमेरिकेच्या आहारविषयक शिफारशींतूनही २०१५ साली रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा काढून टाकली गेली. तरी ज्यांना हृदयविकार आहे किंवा युरिक ॲसिड वाढलेलं आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावं.

गरोदरपणी चालते का? ताजी आणि पूर्ण शिजवलेली कोळंबी चालते. तिच्यात पाऱ्याचं प्रमाणही मोठ्या माशांपेक्षा कमी असतं. कच्ची, अर्धवट शिजलेली किंवा शिळी मात्र नको.

कोळंबी 'बाधते' का? काहींना कोळंबीची खरोखर ॲलर्जी असते. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, खाज, उलटी, धाप लागणं ही तिची लक्षणं. 'थोडी थोडी खाऊन सवय होईल' असं म्हणून अशा माणसाला आग्रह करू नका. धाप लागली तर तडक दवाखाना गाठा. आणि मासळीवर दूध प्यायल्याने कोड येतं, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. कोड असलेल्या मुलीला किंवा तिच्या आईला त्यावरून बोल लावू नका.

आणि शेवटी वाढण्याविषयी

सतत थकवा, धाप, चक्कर असेल तर नुसत्या भाजी-कोळंबीवर विसंबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि सांगितलेल्या गोळ्या नेमाने घ्या. आहार त्याच्या जोडीला हवा, त्याच्याऐवजी नाही.

आणि एक सोपी सवय लावून बघा. पदार्थ तयार झाला की घरात जितकी माणसं तितके वाटे आधीच करा, पाच तर पाच. आपली वाटी भरून, झाकून बाजूला ठेवा आणि मग पंगत वाढा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, सासूबाई कदाचित बघतीलही. त्यांचीही वाटी तशीच भरून ठेवा, कारण त्यांनीही आयुष्यभर रस्साच खाल्लेला असतो. वयात आलेल्या मुलीचा वाटा तिच्या भावाइतकाच ठेवा. तिला पुढे आपल्यासारखं 'मला नको' म्हणायची सवय लागू नये, एवढं तरी आपण आपल्या स्वयंपाकघरातून नक्कीच करू शकतो.