हत्तीचं बळ देणारं लोखंड

धातू गिळून अंगात ताकद आणणारी माणसं हल्ली कादंबऱ्यांतून भेटतात. ब्रँडन सँडर्सन या अमेरिकी लेखकाच्या २००६ साली आलेल्या 'मिस्टबॉर्न'मध्ये कथलाचा एक मिश्रधातू पोटात 'जाळला' की माणूस दहा जणांना भारी पडतो. माझ्या भाच्यानं ही कथा डोळे मोठे करून सांगितली, तेव्हा मी त्याच्यापुढे चरकसंहिता उघडली. चिकित्सास्थानाच्या सुरुवातीलाच रसायनाचा अध्याय आहे, त्यात लोहाचं रसायन आहे. ते नेमानं घेणाऱ्याला हत्तीसारखा प्राण लाभतो, त्याची इंद्रियं बळकट होतात, घाव, रोग आणि म्हातारपण त्याला नमवत नाहीत, असं तिथे छातीठोकपणे सांगितलं आहे.

कृती मोठी देखणी आहे. तीक्ष्ण लोहाचे चार बोटं लांब आणि तिळाइतके पातळ पत्रे घ्यायचे. लालबुंद तापवून त्रिफळ्याच्या काढ्यात, गोमूत्रात, क्षारांच्या पाण्यात विझवायचे. काजळासारखे काळे झाले की कुटून पूड करायची, मध आणि आवळ्याचा रस घालून चाटण करायचं, तुपानं माखलेल्या घड्यात भरून तो घडा जवाच्या कोठारात वर्षभर ठेवायचा आणि दर महिन्याला ढवळायचा. मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो आवळा. आंबट रसातलं क जीवनसत्त्व लोह आतड्यातून रक्तात जायला मदत करतं, हे आज पक्कं ठाऊक आहे. त्रिफळ्यातल्या हिरड्याचा तुरटपणा मात्र उलट लोहाला अडवतो. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळीभोर शाई होते, आपल्या कित्येक पोथ्या तसल्याच शाईनं लिहिल्या गेल्या. म्हणजे एकाच घड्यात लोहाला पुढे ढकलणारा आणि मागे खेचणारा असे दोघेही नांदत होते.

बाकीचा इतिहास थोडक्यात. सतराव्या शतकात इंग्लंडचा सिडनहॅम निस्तेज रुग्णांना लोखंडाचा कीस देई. अठराव्या शतकात इटलीत मेंघिनीनं वाळवलेल्या रक्ताचे कण चुंबकाकडे ओढले जातात हे दाखवलं. हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झला जॉन केंड्रूबरोबर १९६२चं नोबेल मिळालं. प्रौढ माणसाच्या अंगात जेमतेम तीन-चार ग्रॅम लोह असतं, एखाददुसऱ्या खिळ्याइतकं. त्यातलं दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. प्राणवायू धरायचा आणि सोडायचा, एवढंच त्याचं काम, पण माणसाची सगळी धाव त्यावर.

आता माझ्या आवडत्या मंडुराकडे वळतो. लोहाचं भस्म सगळ्यांना माहीत असतं, मंडूर मागे पडतो. धातुकातून लोखंड गाळताना जो मळ उरतो, तो मंडूर. रसग्रंथ सांगतात की शंभर वर्षं जमिनीत पडलेला मंडूर उत्तम, ऐंशी वर्षांचा मध्यम, साठ वर्षांचा कनिष्ठ, आणि त्याहून नवा विषासारखा. टाकाऊ वस्तूचं वय मोजून तिची प्रत ठरवणारं शास्त्र मला दुसरं आढळलेलं नाही. नागपूरजवळ नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची जी भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी. तिथल्या मळीची बातमी जुन्या वैद्यांना लागती तर त्यांनी गाड्या जुंपल्या असत्या!

इथे सांगोल्यात घिसाड्यांची पालं पडतात तेव्हा मी हटकून तिथे रेंगाळतो. भात्याची हवा बसली की निखारे पांढरे होतात, म्हातारा सांडशीत पातं धरून ऐरणीवर ठेवतो आणि त्याची सून दोन्ही हातांनी घण उचलून नेमक्या जागी घालते. प्रत्येक घावाला काळे पोपडे उडून ऐरणीभोवती पडतात. हेच मंडूर असं अनेक जण समजतात, पण हे तापल्या लोखंडाचे पोपडे आहेत. हे लोक जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे घेऊन विळे-कोयते घडवतात, धातुक गाळत नाहीत, मग मंडूर येणार कुठून?

आता लोहाच्या भस्माची कृती. त्याआधी लोखंड शुद्ध करायचं ते तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत तापवून विझवून, प्रत्येकात सात-सात वेळा. कुळीथ म्हणजे आमचा हुलगा. कांजी सोडली तर ही सगळी सामग्री माणदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आजही आहे. पुढे त्रिफळ्याच्या काढ्यात खलून, शरावात, म्हणजे मातीच्या परळांत, बंद करून, गोवऱ्यांच्या खड्ड्यात पुटं द्यायची, म्हणजे पुन्हापुन्हा भाजायचं. एका परिचित वैद्यांनी मला तयार भस्माची चिमूट दिली. अंगठा आणि तर्जनीत चोळली तर ती बोटांच्या रेषांत शिरून बसली, ही 'रेखापूर्ण' परीक्षा. मग त्यांनी वाटीभर पाण्यावर भस्म भुरभुरलं. विटकरी साय धरावी तसं ते तरंगत राहिलं, ही 'वारितर'. पाण्याच्या पाचपट जड पदार्थ तरंगतो तो कण अतिशय बारीक झाल्यामुळे आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे. तिसरी परीक्षा सर्वांत कडक: गूळ, गुंजा, टाकणखार, मध आणि तूप घालून तापवलं तरी त्यातून पुन्हा धातू निघता कामा नये.

हत्तीचं बळ येतं का? ज्याच्या अंगात लोह कमी आहे त्याला ते भरून निघाल्यावर खरोखर नवं आयुष्य मिळाल्यासारखं वाटतं: जिना चढताना धाप लागत नाही, डोकं हलकं राहतं. ज्याचं पुरेसं आहे त्याला जादा लोहानं काडीचं बळ येत नाही, उलट ते यकृतात साठून घात करतं. म्हणून भस्म असो की गोळी, आधी रक्त तपासावं आणि जाणत्याला विचारूनच घ्यावं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. घण उचलणारी ती सून माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्यामुळेच.

आमचं गाव डाळिंबाचं. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालला निघाली. डाळिंबानं रक्त वाढतं असं इथे घरोघरी म्हणतात, पण त्याचा लाल रंग लोहाचा नव्हे आणि त्यात लोह फार थोडं असतं. डाळिंब चवीसाठी आणि क जीवनसत्त्वासाठी जरूर खावं. लोहासाठी हुलगा, बाजरी आणि पालेभाज्या बऱ्या. आमटी घिसाड्याच्या लोखंडी कढईत करावी, चिंच-टोमॅटो पडलेल्या आमटीत कढईचं लोह चांगलं उतरतं. ताटात लिंबाची फोड असू द्यावी, आणि चहा जेवणाला लागून नको, तासाभरानं घ्यावा.